परवलीचा शब्द : विद्यापीठातील संगणक आणि विश्वासाचा इतिहास



परवलीचा शब्द म्हटला की आपल्या मनापुढे एखादा गड उभा राहतो. बंद झालेला दरवाजा, मशालीचा उजेड, 'कोण आहे?' असा पहारेकऱ्याचा दरडावणीचा प्रश्न, आणि अंधारातून हळू आवाजात आलेले उत्तर. ही कल्पना फार पुरातन आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने रोमन छावणीचे वर्णन केले आहे. त्या रात्रीचा शब्द एका लाकडी पट्टीवर लिहिलेला असे, ती पट्टी तुकडीतुकडीतून हातोहात फिरे आणि अंधार पडण्यापूर्वी पुन्हा अधिकाऱ्याकडे येई. एखादी पट्टी परत आली नाही, तर ती कोणाच्या हाती अडकली ह्याचा तत्काळ शोध होई.

आज विद्यापीठात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींच्या हाती पहिल्याच आठवड्यात असाच एक शब्द पडतो. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्तीचे पैसे, ग्रंथालयातली पुस्तके, गुरुजनांशी होणारा पत्रव्यवहार ह्या सर्वांची वाट त्या एका शब्दावरून जाते. त्याला आता सर्वजण 'पासवर्ड' म्हणतात. नाव बदलले तरी वस्तू तीच, असे कोणाला वाटेल. पण आमच्या मते दोहोंमध्ये एक महत्त्वाचा भेद आहे, आणि आजच्या आमच्या सर्व विवेचनाचे मूळ त्या भेदात आहे.

गडावरचा शब्द सर्व शिबंदीचा एकच असे. 'हा आपला की परका?' एवढेच तो सांगे. विद्यापीठातल्या संगणकाचा शब्द मात्र प्रत्येकाचा निराळा असतो. तेथे दारात उभी असलेली माणसे सगळी आपलीच असतात. त्यांतला हा कोण आणि तो कोण, एवढेच ठरवायचे असते. गडाचा शब्द शत्रूच्या भीतीतून निघाला, तर विद्यापीठाचा शब्द सहवासातून निघाला. एका घरात अनेक भावंडे राहू लागली म्हणजे प्रत्येकाची पेटी वेगळी करावी लागते, तशातलाच हा प्रकार आहे. हा शब्द विद्यापीठात केव्हा आला, किती वेळा फुटला, आणि प्रत्येक वेळी तेथल्या मंडळींनी त्यापासून काय घेतले, हे आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

१९५० नंतरच्या दशकात संगणक ही फार मोठी आणि फार महाग वस्तू होती. एका यंत्राला एक दालन लागे. विद्यार्थ्याने आपले गणित छिद्रे पाडलेल्या पत्रांवर उतरवायचे, पत्रांचा गठ्ठा खिडकीतून कारकुनाच्या हाती द्यायचा आणि उत्तर छापून येण्याची वाट पाहायची. गठ्ठ्यात एक स्वल्पविराम चुकला, तर दुसऱ्या दिवशी उत्तराऐवजी चूक हाती येई आणि पुन्हा रांग धरावी लागे. आपल्याकडेही निराळी स्थिती नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'टिफ्रॅक' हे यंत्र स्वतः बांधले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिले. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा मोठा परदेशी संगणक आला, आणि निरनिराळ्या संस्थांतील संशोधक आपापली गणिते घेऊन तेथे येऊ लागले. ह्या पद्धतीत परवलीच्या शब्दाचे कारणच नव्हते. पत्रे माझी आहेत हे ती माझ्या हातात आहेत ह्यावरून सिद्ध होई. खिडकीपाशी बसलेला कारकून हाच पहारेकरी होता, आणि तो माणसांना तोंडाने ओळखत असे.

ही रांग मोडण्याचा विचार अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, ह्या संस्थेत झाला. १९५९ च्या आरंभी जॉन मॅकार्थी ह्या प्राध्यापकाने एक टिपण लिहून सुचविले की, संगणकाचा वेग माणसाच्या बोटांपेक्षा इतका अधिक आहे की एका माणसाला विचार करायला जो वेळ लागतो, तेवढ्यात ते यंत्र इतर अनेकांचे काम उरकू शकेल. मग प्रत्येकाला एक टंकयंत्र द्यावे, आणि यंत्राने सर्वांकडे क्षणाक्षणाने फिरते लक्ष द्यावे. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबर महिन्यात असा कारभार आयबीएम ७०९ ह्या संगणकावर चालवून दाखविला. त्या वेळी त्याला चार टंकयंत्रे जोडलेली होती. पुढे काही वर्षांतच एका वेळी सुमारे ३० माणसे त्या पद्धतीने काम करू लागली. ह्या व्यवस्थेला 'सीटीएसएस' असे नाव होते, आणि ती १९७३ पर्यंत चालली.

रांग गेली, आणि रांगेबरोबर खिडकीतला कारकूनही गेला. आता विद्यार्थी आपली पत्रे घरी नेत नव्हता, त्याचे काम यंत्राच्या पोटातच साठून राहत होते. यंत्राला माणसाचा चेहरा दिसत नव्हता. शिवाय यंत्राचा वेळ महाग असल्याने प्रत्येकाला तो शिध्यासारखा मोजून मिळे. तेव्हा दोन प्रश्न उभे राहिले. एकाचे कागद दुसऱ्याने उघडू नयेत, हा पहिला. एकाचा वेळ दुसऱ्याने खाऊ नये, हा दुसरा. कोर्बातोंनी दोन्ही प्रश्नांना एकच साधे उत्तर दिले. ज्याने त्याने आपले नाव सांगावे, आणि नावाबरोबर आपला गुप्त शब्द द्यावा. विद्यापीठातील संगणकाच्या परवलीच्या शब्दाचा जन्म असा झाला. त्यात शत्रू कोठेच नव्हता हे आपल्या ध्यानात आले असेल.

पण जन्मून वर्ष होते न होते तोच तो शब्द फुटला. फोडणारा कोणी हेर नव्हता, तेथलाच एक विद्यार्थी होता. ॲलन शेर ह्यांना १९६२ साली आठवड्यातून ४ तास यंत्र वापरण्याची मुभा होती. त्यांचा अभ्यास ह्या सामायिक यंत्राच्या कार्यक्षमतेचाच होता, आणि त्या अभ्यासाची गणिते ४ तासांत आटपणारी नव्हती. यंत्रात साठविलेला कागद छापून मिळावा अशी विनंती छिद्रपत्रावर लिहून देण्याची सोय तेथे होती. शेर ह्यांनी एका शुक्रवारी रात्री असे पत्र भरून दिले, आणि त्यावर कागदाचे नाव घातले ते सर्वांचे गुप्त शब्द ज्यात होते त्या कागदाचे. शनिवारी सकाळी ती संपूर्ण यादी छापून, इतर छापील गठ्ठ्यांबरोबर त्यांची वाट पाहत ठेवलेली होती. त्यांचा वेळ संपला की ते दुसऱ्याच्या नावाने काम पुढे चालवीत. पकडले गेलो तर दोष वाटला जावा म्हणून त्यांनी ती यादी आणखी काही जणांना दिली. त्यांतलेच एक असलेल्या जे. सी. आर. लिकलायडर ह्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी प्रमुखांच्या खात्यात शिरून खोडसाळ निरोप ठेवले. शेर ह्यांनी ही गोष्ट सुमारे २५ वर्षांनी स्वतःच सांगून टाकली.

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल, आणि ज्या कड्यावरून कोणी उतरू शकणार नाही अशी सर्वांची खात्री होती त्याच कड्यावरून ती उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला, आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असे आख्यायिका सांगते. आम्हांस ह्या कथेतला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. गडाची उणीव पुष्कळदा आतल्याच गरजू माणसाला आधी सापडते. राज्यकर्त्याचे शहाणपण ती उणीव कळल्यावर तेथे बुरूज बांधण्यात आहे. शेर ह्यांची नड हिरकणीइतकी उदात्त होती असे आम्ही म्हणत नाही, कारण दुसऱ्याच्या वाट्याचा शिधा त्यांनी खाल्ला होता. परंतु त्यांच्या कृतीत एक गोष्ट उघड झाली होती. सर्व किल्ल्या एकाच पेटीत ठेवल्या, तर ती पेटी उघडणारा सर्व घरांचा धनी होतो.

तो बुरूज मात्र त्या वेळी बांधला गेला नाही, कारण ही उणीव कोणाला कळलीच नव्हती. ती कळायला आणखी एक अपघात व्हावा लागला. १९६६ च्या सुमारास एका दिवशी जो जो विद्यार्थी सीटीएसएसवर काम सुरू करी, त्याच्या टंकयंत्रावर रोजच्या सूचनेऐवजी सर्वांच्या गुप्त शब्दांची यादी उमटू लागली. यंत्राचे दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळे कागद दुरुस्त करीत होते. एक दिवसाची सूचना लिहीत होता, दुसरा गुप्त शब्दांची यादी. एका वेळी एकच माणूस हे काम करील असे गृहीत धरून लेखनाच्या आज्ञावलीने तात्पुरत्या प्रतीला ठराविक एकच नाव दिलेले होते. त्यामुळे दोन कागदांची अदलाबदल झाली. एका जागरूक वापरकर्त्याच्या हे लक्षात येताच त्याने यंत्रच बंद पडेल अशी आज्ञा देऊन पुढचा अनर्थ थांबविला. तेवढ्या शुक्रवारच्या संध्याकाळी सर्वांचे शब्द बदलत बसण्याचे काम व्यवस्थापकांच्या नशिबी आले.

येथे कोणाचा लोभ नव्हता, खोडसाळपणाही नव्हता. दोन प्रामाणिक माणसे आपापले काम करीत होती. म्हणून ह्या अपघाताचा धडा पहिल्यापेक्षा खोल आहे. रखवालदार प्रामाणिक असला तरी त्याच्या हातून किल्ली पडू शकते. मग किल्ली त्याच्या हाती असावीच कशाला?

हाच विचार त्या काळात अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात, प्रत्यक्षात आला. तेथे 'टायटन' नावाच्या संगणकावर अशीच सामायिक व्यवस्था चालविली जात होती. रॉजर नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले की यंत्राने शब्द जसाच्या तसा साठवायचाच नाही. तो एका गणिती प्रक्रियेतून काढायचा आणि जो चुरा होईल तेवढा ठेवायचा. मॉरिस विल्क्स ह्यांनी १९६८ साली आपल्या ग्रंथात ह्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या माताभगिनींना हे चटकन समजेल. जात्यात घातलेल्या जोंधळ्याचे पीठ होते, पण पिठाचा पुन्हा जोंधळा होत नाही. यंत्राजवळ फक्त पीठ असते. विद्यार्थी दारात येऊन आपला दाणा देतो, यंत्र तो दळते आणि पीठ जुळते की नाही ते पाहते. जुळले तर दार उघडते. यादी चोरणाऱ्याच्या हाती फक्त पीठच लागते.

ही युक्ती इतकी पक्की वाटली की आता प्रश्न संपला असे कोणालाही वाटावे. पण प्रश्न संपला नव्हता, त्याने जागा बदलली होती. यंत्राची बाजू भक्कम झाली, तेव्हा माणसाची बाजू उघडी पडली. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन ह्यांनी युनिक्स ह्या व्यवस्थेतील अनुभवावर एक निबंध लिहिला. त्यांनी ३,२८९ शब्द गोळा करून तपासले. त्यांतले १५ शब्द एकाच अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे आणि ४६४ तीन अक्षरांचे. शब्दकोशातले शब्द, नावे, सहा अक्षरांपर्यंतचे सोपे जुळवे, असे सर्व धरून शेकडा ८६ शब्द अल्प प्रयत्नांत ओळखता येण्याजोगे निघाले. पिठाचा दाणा होत नाही हे खरे. परंतु चोर घरी बसून कोशातला एकेक दाणा दळू शकतो, आणि त्याचे पीठ चोरलेल्या पिठाशी ताडून पाहू शकतो. तेव्हा ह्या दोघांनी दोन उपाय सांगितले. दळण मुद्दाम संथ करावे, म्हणजे चोराला लक्षावधी दाणे दळायला फार काळ लागेल. आणि प्रत्येकाच्या दळणात एक निराळी यादृच्छिक चिमूट मिसळावी, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे निघेल. ह्या चिमटीला त्या शास्त्रात खरोखरच 'मीठ' असे नाव आहे.

आता ८६ हा आकडा ऐकून 'लोक निष्काळजीच असतात' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आमच्या मते तो अपुरा आहे. ते शब्द निवडणारी माणसे संगणकाच्याच व्यवसायातली, जाणती माणसे होती. माणसाचे मन स्मरणाला सोपे ते पकडते, हा त्याचा स्वभाव आहे, तो दोष नव्हे. जी व्यवस्था माणसाने आपल्या स्वभावाविरुद्ध वागावे एवढ्याच आशेवर उभी राहते, ती कच्च्या पायावरची भिंत होय. मॉरिस आणि थॉम्प्सन ह्यांचा मोठेपणा असा की त्यांनी माणसाला उपदेश करून न थांबता जाते सुधारले.

१९८० नंतरच्या दशकात विद्यापीठांचे संगणक तारांनी एकमेकांस जोडले गेले, आणि एका गावचा पाणवठा सर्व प्रांताचा झाला. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत यंत्राच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत आली. क्लिफर्ड स्टोल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. पाऊण डॉलरचा हा फरक सोडून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. माग काढता काढता ते पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरातल्या एका माणसापर्यंत पोचले. तो अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरत होता, आणि त्याच्या टोळीने माहिती सोव्हिएत हेरखात्यास विकली होती. अनेक ठिकाणी त्याला दार फोडावे लागलेच नाही. पाहुण्यांसाठी उघडी ठेवलेली खाती आणि कधीच न बदललेले शब्द त्याला पुरेसे झाले. हा शोध लागला तो एका माणसाने आपल्या दप्तराचा हिशेब चोख ठेवला म्हणून, हे आपल्यासारख्या सामान्य माणसांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच १९८६ साली आपल्या देशातही 'अर्नेट' ह्या शैक्षणिक जाळ्याचे काम सुरू झाले. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ह्या आठ ठिकाणांपासून त्याचा आरंभ झाला. सर्वसामान्य नागरिकाला भारतात इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपल्याकडेही हे जाळे बाजारात येण्याआधी कित्येक वर्षे विद्यापीठीय परिसरात वाढत होते.

आता १९८८ कडे वळू. २ नोव्हेंबर रोजी अमेरिकेतील जाळ्यावरील संगणक एकामागून एक मंद होऊन ठप्प होऊ लागले. एक स्वयंचलित आज्ञावली एका यंत्रातून दुसऱ्यात स्वतःची प्रत करीत पसरत होती. तिच्याजवळ अनेक वाटा होत्या. टपाल पोचविणाऱ्या आज्ञावलीतील उणीव ही एक. यंत्रांनी एकमेकांवर ठेवलेला आंधळा विश्वास ही दुसरी. आणि तिसरी वाट आपल्या ओळखीची, गुप्त शब्दांचा अंदाज. त्यासाठी ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी ती बरोबर घेऊन फिरत होती. त्या काळी जाळ्यावर असलेल्या सुमारे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० यंत्रांना तिची बाधा झाली, असा तेव्हाचा अंदाज होता.

हिचा कर्ता कॉर्नेल विद्यापीठातला एक पदव्युत्तर विद्यार्थी निघाला, रॉबर्ट टॅपन मॉरिस. शब्द सुरक्षित कसे ठेवावेत हे १९७९ साली ज्यांनी जगाला शिकविले, त्या रॉबर्ट मॉरिस ह्यांचाच हा मुलगा. वडील त्या वेळी अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रात प्रमुख शास्त्रज्ञ होते. मुलाने आज्ञावली सोडली ती एमआयटीच्या यंत्रातून, म्हणजे मूळ ठिकाण झाकले जावे. नाश करावा असा तिचा रोख नव्हता. परंतु एखाद्या यंत्राने 'मला आधीच बाधा झाली आहे' असे सांगितले तरी सातांतून एकदा पुन्हा शिरावे, अशी योजना तिच्यात होती. ते प्रमाण फार ठरले आणि यंत्रे गुदमरली. १९९० मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा दिली. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला. घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांची दखल घेणारे पहिले केंद्र निघाले. भारतात त्याच धर्तीची 'सर्ट-इन' ही संस्था २००४ साली सुरू झाली.

हिरकणीच्या गोष्टीचा येथे मेळ बसत नाही हे आम्ही स्पष्ट सांगतो. हिरकणी एकटी उतरली आणि तिने स्वतःचा जीव पणाला लावला. येथे एका जिज्ञासू तरुणाने हजारो लोकांचा दिवस त्यांना न विचारता पणाला लावला. कुतूहल हा विद्यार्थ्याचा धर्म आहे खरा. परंतु सार्वजनिक पाणवठ्यात काय मिसळते हे पाहण्यासाठी तेथे काही टाकून बघणे ह्याला अभ्यास म्हणत नाहीत.

दरम्यान एमआयटीने १९८३ साली 'अथेना' नावाची मोठी योजना हाती घेतली होती. परिसरभर शेकडो संगणक मांडायचे, आणि कोणाही विद्यार्थ्याने कोठेही बसून आपले काम उघडावे, अशी ती योजना. येथे नवीच अडचण आली. समोरचे यंत्र आधी कोणाच्या हाती होते, त्याने त्यात काय करून ठेवले आहे, आणि तारेवर कोण कान लावून बसला आहे, हे सांगणार कोण? म्हणून त्यांनी अशी रीत काढली की विद्यार्थ्याचा शब्द तारेवरून कधी जाऊच नये. एका मध्यवर्ती कचेरीकडून ठराविक तासांपुरते एक तिकीट मिळावे, आणि पुढे प्रत्येक दारी ते तिकीट दाखवावे. मुदत संपली की तिकीट रद्द. आगगाडीच्या तिकिटावर जसे तुमच्या घराच्या किल्लीचे चित्र नसते, तसेच हे. ह्या पद्धतीस ग्रीक पुराणातील तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून 'कर्बरॉस' असे नाव दिले गेले, आणि अनेक विद्यापीठांत व कचेऱ्यांत ती आजही काम करीत आहे.

श्रोतेहो, आता हा सगळा प्रवास एका नजरेत पाहू. आधी यंत्राजवळ सर्वांचे शब्द होते. मग फक्त पीठ उरले. मग तारेवरून शब्द जाणे थांबले. अलीकडे 'पासकी' नावाची जी पद्धत रूढ होत आहे, तीत गुपित विद्यार्थ्याच्या फोनातच राहते आणि संस्थेजवळ गुप्त असे काहीच ठेवले जात नाही. म्हणजे सुरक्षिततेची वाढ पहारा वाढवून झालेली नाही. रखवालदाराने जे जाणण्याची गरज नाही ते जाणण्याचे सोडून दिले, म्हणून ती झाली. ज्याला आपले गुपित ठाऊकच नाही, त्याच्याकडून ते फुटत नाही. आमच्या मते ह्या साठ वर्षांच्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

आणि ते सार विद्यार्थ्यालाही तितकेच लागू पडते. आजचा चोर भिंत क्वचितच फोडतो. तो खोटे दार उभारतो. 'आपली शिष्यवृत्ती अडली आहे, येथे शब्द भरा', 'परीक्षा अर्ज रद्द होईल, दहा मिनिटांत ओटीपी कळवा' असा निरोप येतो. तो निरोप घाई करतो आणि भीती घालतो. पन्नास वर्षांच्या कष्टाने विद्यापीठाने जे जाणण्याचे सोडून दिले, तेच कोणी विद्यापीठाच्या नावाने मागत असेल, तर मागणारा विद्यापीठाचा नव्हे, हे इतिहास जाणणाऱ्याला लगेच ओळखता येईल. खऱ्या रखवालदाराला तुमचा शब्द नको असतो. निरोपातल्या दुव्यावर बोट न ठेवता, आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या दारानेच आत जावे, ही सवय त्यामुळे फार मोलाची आहे.

दुसरी गोष्ट. २००९ मध्ये 'रॉकयू' ह्या कंपनीच्या साठ्यातून ३ कोटी २० लाख शब्द बाहेर पडले. ते दळलेलेही नव्हते, जसेच्या तसे ठेवलेले होते. केंब्रिजने दिलेला धडा चाळीस वर्षांनीही एका कंपनीने गिरवला नव्हता. त्या यादीत सर्वांत अधिक वेळा आढळलेला शब्द होता १२३४५६. तेव्हा एका दुकानी दिलेला शब्द दुसऱ्या दारी वापरू नये, कारण एका दुकानदाराचा आळस आपल्या सर्व घरांना भोवतो. शब्द लांब असावा. चार-पाच असंबद्ध शब्दांची माळ आठवायला सोपी आणि ओळखायला अवघड असते. दर तीन महिन्यांनी शब्द बदलण्याची सक्ती पूर्वी सर्वत्र असे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ साली तिचा पुरस्कार सोडून दिला, कारण सक्तीने बदलणारा माणूस शेवटचा आकडा तेवढा बदलतो. गळती झाल्याचा संशय आला की मात्र तत्काळ बदलावा. आणि शब्दाच्या जोडीला फोनवरील दुसरी खूण ठेवावी, म्हणजे एक किल्ली गेली तरी दुसरी आपल्या कनवटीला राहते.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि ती आईबापांनी विशेष ऐकावी. 'तुझे बँकखाते काही दिवस वापरू दे, त्याचे हजार-दोन हजार देतो' असे सांगून विद्यार्थ्यांना गाठणाऱ्या टोळ्या आज आहेत. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, आणि पोलिस दारात येतात ते खात्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या. शेर ह्यांनी इतरांचे नाव वापरले, येथे मुले स्वतःचे नाव भाड्याने देतात. खाते म्हणजे केवळ आकडा नव्हे, ते आपले नाव आहे, हे मुलांच्या मनावर घरातूनच बिंबले पाहिजे.

ह्यावर कोणी म्हणेल, 'मग जो फसला तो स्वतःच्या मूर्खपणाने फसला.' ह्या मताशी आम्ही सहमत नाही, आणि इतिहासही सहमत नाही. जाणते शास्त्रज्ञ, प्रामाणिक व्यवस्थापक, हुशार प्राध्यापक हे सारे ह्या कथेत चुकले आहेत. घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा एखादा मुलगा शिष्यवृत्तीच्या काळजीत खोट्या निरोपाला फसला, तर तो त्यांच्याहून अधिक दोषी कसा? त्याला हसलो, तर तो लाजेने गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यातच चोराचा खरा फायदा असतो. पैसा गेल्याबरोबर १९३० ह्या क्रमांकावर कळविले, तर तो पुढच्या हातात जाण्याआधी अडविण्याची संधी असते. त्या पहिल्या घटका घरच्या रागाच्या भीतीने वाया गेल्या, तर नुकसान दुप्पट होते. १९६६ साली अनर्थ थांबला, कारण एका माणसाने जे दिसले ते न लपविता लगेच यंत्र थांबविले. १९८६ साली चोर सापडला, कारण एका माणसाने ७५ सेंटांची तफावत मोकळेपणाने मांडली.

जेथे अनेक माणसे एकत्र राहून विद्या मिळवितात, तेथे कुलपे लागणारच. परंतु विद्यापीठातला परवलीचा शब्द परक्याला बाहेर ठेवण्यासाठी जन्मला नव्हता. आपल्यांनी आपल्यांमध्ये निर्धास्तपणे राहावे म्हणून तो जन्मला. ते निर्धास्तपण टिकवायचे असेल, तर यंत्राने दळण नीट दळावे, संस्थेने नको ते साठवू नये आणि विद्यार्थ्याने आपले नाव जपावे. आणि आपण घरच्या मंडळींनी एवढे करावे, की चूक झाली असता मुलाला सर्वांत आधी आपल्याकडेच येता येईल. ते दार उघडे राहिले, तर बाकीची कुलपे आपले काम करतील, असा आमचा विश्वास आहे.